नाव तेच, बॅटरी वेगळी: इलेक्ट्रिक गाडीच्या पॅकमध्ये न सांगता होणारे बदल

2013 मध्ये अमेरिकेतले टेस्ला मॉडेल एसचे काही मालक गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवून, हातात टॉर्च घेऊन पुढच्या उजव्या चाकामागे डोकावू लागले होते. गाडीच्या पोटाखाली बसवलेल्या बॅटरी पॅकवर तिथे एक लेबल असतं आणि त्यावर भाग क्रमांक छापलेला असतो. त्यांना पाहायचं होतं ते त्या क्रमांकाच्या शेवटचं अक्षर. ते ‘ए’ आहे की ‘बी’, की त्याच्याही पुढचं?

गाडी एकच, किंमत तीच, मागे लावलेली ‘85’ची पाटीही तीच. तरी त्या एका अक्षरावरून एक गोष्ट ठरत होती: जलद चार्जरवर गाडी 90 किलोवॅटपर्यंतच वीज घेणार की 120 किलोवॅटपर्यंत. गाडी विकताना हा फरक कुणी सांगितला नव्हता. मालकांनी तो आपसात आकडे जुळवून शोधून काढला.

हे प्रकरण नीट समजलं तर आज इलेक्ट्रिक गाडी, विशेषतः वापरलेली, घेणाऱ्या कुणालाही त्याचा उपयोग आहे. असे बदल अजूनही होतात, जवळजवळ सगळ्या कंपन्यांकडे होतात, आणि त्यातले सगळे वाईट नसतात.

आधी पॅकच्या आत काय असतं ते पाहू. त्या ‘85’चा अर्थ 85 किलोवॅट-अवर, म्हणजे आपल्या वीजबिलावरचे 85 युनिट. एवढी वीज साठवायला मॉडेल एसच्या पॅकमध्ये 7,104 छोटे सेल होते. प्रत्येक सेल 18 मिलिमीटर जाडीचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा, टॉर्चच्या पेन्सिल सेलपेक्षा थोडा मोठा. 74 सेल समांतर जोडून एक गट, आणि असे 96 गट एकापुढे एक. बांधणीच्या सोयीसाठी हे सगळं 16 मॉड्यूलमध्ये विभागलेलं. पूर्ण चार्ज झालेला एक सेल 4.2 व्होल्टचा धरला तर 96 गटांचे मिळून सुमारे 403 व्होल्ट होतात. सेल रिकामे होत जातात तसा हा आकडा उतरतो.

पण पॅकमध्ये फक्त सेल नसतात. सेलना जोडणाऱ्या बारीक तारा असतात, मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या म्हणजे बसबार असतात, पॅकचा बाहेरच्या जगाशी संबंध जोडणारे-तोडणारे मोठे स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर असतात, एक मुख्य फ्यूज असतो, सेलना थंड ठेवणाऱ्या, त्यांच्या मधून फिरणाऱ्या द्रवाच्या नळ्या असतात, तापमान मोजणारे सेन्सर असतात आणि या सगळ्यावर नजर ठेवणारा संगणक, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, असतो. पॅक किती वीज साठवतो हे सेल ठरवतात. ती वीज किती वेगाने आत घेता येईल आणि किती वेगाने बाहेर काढता येईल हे मात्र या साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा ठरवतो.

वेगाचा प्रश्न इतका नाजूक का, हे एका हिशेबातून कळतं. पॅकचा दाब 350 व्होल्ट धरू. 90 किलोवॅटने चार्ज करताना सुमारे 257 अँपिअर प्रवाह आत जातो. 120 किलोवॅटला तो सुमारे 343 अँपिअर होतो, म्हणजे एक तृतीयांशाने जास्त. पण तारा, जोड आणि बसबार यांच्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह 1.33 पट झाला की उष्णता जवळजवळ 1.78 पट होते. एखादा जोड 257 अँपिअरला आरामात टिकत असेल, पण 343 ला नको इतका तापत असेल, तर अभियंता त्याच्यावर मर्यादा घालणारच. त्यात चूक काही नाही. तो भाग पुढच्या पॅकमध्ये सुधारला जातो, भाग क्रमांकाचं शेवटचं अक्षर पुढे सरकतं आणि नव्या गाड्या जास्त वेगाने चार्ज होऊ लागतात.

हा अंदाज नाही, हे घडतं याचा पुरावा खुद्द टेस्लानेच 2015 मध्ये दिला. त्या वर्षी जुलैमध्ये कंपनीने मॉडेल एसचा अधिक जोरकस प्रकार आणला. त्यासाठी मोटर बदलली नाही, सेलही बदलले नाहीत. बदलला तो मुख्य फ्यूज आणि कॉन्टॅक्टर. साध्या फ्यूजच्या जागी स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स आणि स्वतःची छोटी बॅटरी असलेला फ्यूज आला, आणि कॉन्टॅक्टरमध्ये पोलादाऐवजी इन्कोनेल हा उष्णतेतही ताकद टिकवणारा मिश्रधातू वापरला गेला. तेवढ्यावर पॅकमधून काढता येणारा प्रवाह 1,300 अँपिअरवरून 1,500 अँपिअरवर गेला आणि ताशी 60 मैलांचा वेग गाठायची वेळ 3.1 सेकंदांवरून 2.8 सेकंदांवर आली. तेच सेल, तीच मोटर, तरी वेगळी गाडी. इथे मात्र कंपनीने बदल जाहीर केला, तांत्रिक कारण समजावून सांगितलं आणि जुन्या मालकांना पैसे भरून तो बसवून घ्यायची सोयही दिली. न सांगता केलेल्या बदलाशी याची तुलना करायची झाली तर फरक तंत्रज्ञानात नाही, वागण्यात आहे.

90 आणि 120 मधलं अंतर खरोखर किती?

आता पुन्हा 2013 कडे. मॉडेल एस ग्राहकांना मिळायला सुरुवात झाली जून 2012 मध्ये. सप्टेंबर 2012 मध्ये कंपनीने कॅलिफोर्नियात पहिले सहा सुपरचार्जर, म्हणजे तिचे स्वतःचे जलद चार्जर, दाखवले, त्यांची क्षमता सुमारे 90 किलोवॅट. मग 30 मे 2013 रोजी जाहीर झालं की चार्जर आता 120 किलोवॅट देतील. साहजिकच आधी गाडी घेतलेल्यांनाही वाटलं की आपली गाडी जास्त वेगाने भरेल. काहींची भरलीच. काहींच्या पडद्यावरचा आकडा मात्र 90 च्या पुढे हलेना. या गाड्यांमध्ये सगळ्यात सुरुवातीचे, ‘ए’ अक्षराचे पॅक होते.

पण त्या काळी हे सिद्ध करणं सोपं नव्हतं, कारण आकडा कमी दिसण्याची बरीच कारणं असू शकत होती. त्या सुपरचार्जरवर चार्जिंगचे दोन-दोन खांब एका जोडीत असत आणि जोडीतल्या दोन्ही गाड्यांना एकच वीजसंच वाटून मिळे. शेजारी आधी गाडी लागलेली असेल तर तुमच्या वाट्याला कमी वीज. बॅटरी थंड असेल तर कमी. बॅटरी आधीच अर्धी भरलेली असेल तर कमी. म्हणून मालकांना एकसारखी परिस्थिती गाठून नोंदी कराव्या लागल्या: खांब एकटा, बॅटरी जवळजवळ रिकामी, लांबचा प्रवास करून गरम झालेली. असं करूनही आकडा 90 वरच अडला, आणि शेजारच्या नव्या गाडीचा त्याच खांबावर 120 च्या जवळ गेला, तेव्हा शंकेला जागा राहिली नाही. इलेक्ट्रिक गाडीविषयी कुठलाही निष्कर्ष काढताना ही शिस्त लागते. एका दिवशी एका चार्जरवर दिसलेल्या आकड्यावरून ‘माझी बॅटरी खराब निघाली’ असं म्हणणं बहुतेक वेळा चुकीचं ठरतं.

प्रत्यक्षात नुकसान किती होत होतं? आकड्यांवरून वाटतं तितकं नाही. 85 युनिटच्या पॅकमध्ये 10 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत जायला 34 युनिट लागतात. सलग 90 किलोवॅट मिळाले तर सुमारे 23 मिनिटं, सलग 120 मिळाले तर 17 मिनिटं. म्हणजे जास्तीत जास्त सहा मिनिटांचा फरक. आणि सलग 120 कधीच मिळत नाहीत. नळाखाली हंडा गळ्यापर्यंत भरत आला की आपण नळ बारीक करतो, तसंच चार्जिंगचं आहे: सेल जसजसे भरत जातात तसतसा प्रवाह कमी करावा लागतो, नाहीतर लिथियम सेलच्या ऋण टोकावर धातूच्या रूपात साचू लागतं आणि सेल कायमचा खराब होतो. म्हणून 120 किलोवॅटचा फायदा फक्त पॅक बराच रिकामा असतानाच मिळतो. निम्मा भरल्यावर दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच चालीने भरतात.

मग एवढा राग कशासाठी? मला हा राग रास्त वाटतो, आणि त्याचं कारण मिनिटांत नाही. त्या वेळी मॉडेल एस घेणाऱ्यांनी एका नव्या कंपनीवर विश्वास टाकून मोठी रक्कम मोजली होती. सुपरचार्जर हा त्या गाडीच्या विक्रीतला मोठा मुद्दा होता. ‘तुमचा पॅक सुरुवातीचा आहे, त्याची मर्यादा 90 आहे’ एवढं एक वाक्य आधी सांगितलं असतं तर बहुतेकांनी ते समजून घेतलं असतं. पहिल्या खेपेची गाडी घेताना काही उणिवा असणार हे लोकांना कळतं. त्यांना टॉर्च घेऊन स्वतःच्या गाडीखाली शोध घ्यायला लागला, ते खटकणारं होतं.

कंपन्या पॅक बदलतात तरी का?

पेट्रोल गाड्यांच्या जगात वर्षाच्या मॉडेलची पद्धत आहे. बदल साठवून ठेवायचे आणि नव्या वर्षाच्या गाडीत एकदम आणायचे. टेस्लाने ही पद्धत मानलीच नाही. सुधारणा तयार झाली की ती लगेच कारखान्याच्या रांगेत जाते. त्यामुळे मार्चमधली गाडी आणि मेमधली गाडी यांच्यात फरक असू शकतो, आणि दोन्हींना कागदावर एकच नाव असतं.

सुधारणा हे एक कारण झालं. दुसरं कारण पुरवठा. बॅटरीचे सेल हा गाडीतला सगळ्यात महाग भाग, आणि एकाच पुरवठादारावर अवलंबून राहणं कुठल्याही कंपनीला परवडत नाही. म्हणून एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या कारखान्यांतून वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल जातात. तिसरं कारण सुरक्षितता: एखाद्या खेपेत दोष सापडला की बदल करावाच लागतो. चौथं कारण किंमत, आणि त्याबद्दल कंपन्या सहसा सगळ्यात कमी बोलतात.

पुरवठादाराच्या बदलाचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे टेस्लाच्याच मॉडेल 3 आणि मॉडेल वाय. सुरुवातीच्या मॉडेल 3 मध्ये निकेलवर आधारित सेल होते. 2020 मध्ये शांघायच्या कारखान्यात बनणाऱ्या कमी पल्ल्याच्या प्रकारात चिनी कंपनी सीएटीएलचे एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल आले आणि त्या वर्षअखेरीस अशा गाड्या युरोपातही पोचू लागल्या. हा नुसता पुरवठादाराचा बदल नाही, रसायनच वेगळं आहे आणि त्यामुळे मालकाच्या सवयी बदलाव्या लागतात.

निकेलच्या सेलना रोज 100 टक्क्यांपर्यंत भरू नये, 80-90 वर थांबावं, असं सांगितलं जातं. एलएफपीच्या बाबतीत उलट: टेस्लाची सूचना आठवड्यातून एकदा तरी 100 टक्के भरावं अशी आहे. यामागे एक सुंदर तांत्रिक कारण आहे. निकेलच्या सेलचा व्होल्टेज चार्जबरोबर हळूहळू उतरतो, त्यामुळे व्होल्टेज पाहून संगणकाला बॅटरी किती उरली हे बऱ्यापैकी कळतं. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो. 70 टक्के आणि 40 टक्के यांच्यात ओळखण्याजोगा फरकच उरत नाही. पूर्ण भरल्यावर मात्र व्होल्टेज एकदम वर जातो आणि तिथे संगणकाला आपला हिशेब पुन्हा जुळवून घेता येतो. आपल्या गाडीत कुठलं रसायन आहे हे ज्याला माहीत नाही त्याला कुठली सूचना पाळायची हे तरी कसं कळणार? शिवाय एलएफपी थंडीत मंदावतं. युरोपातल्या हिवाळ्यात त्या गाड्यांच्या मालकांनी हळू चार्जिंग आणि डळमळीत पल्ल्याच्या तक्रारी केल्या, आणि त्यातलं बरंच काही नंतर सॉफ्टवेअरने सुधारलं. उलट एलएफपी भरण्या-उतरण्याची जास्त चक्रं टिकतं आणि तापून पेट घेण्याचा धोका त्यात कमी असतो. महाराष्ट्रातल्या माणसाला दोन्हीतलं निवडायचं तर एलएफपीची थंडीची उणीव इथे फारशी जाणवणारच नाही.

हा बदल उघडपणे कसा करता येतो हेही टेस्लानेच दाखवलं. 2021 मध्ये अमेरिकेत मॉडेल 3 साठी थांबलेल्या ग्राहकांना कंपनीने विचारलं: एलएफपीची गाडी घेतलीत तर लवकर मिळेल, पण पल्ला 263 ऐवजी 253 मैल असेल, चालेल का? ग्राहकाला काय मिळतंय आणि काय जातंय हे दोन ओळींत कळलं. एवढंच हवं असतं.

बर्लिनजवळच्या कारखान्यात 2023 मध्ये तिसराच प्रकार दिसला. तिथल्या सगळ्यात खालच्या (बेस) प्रकारच्या मॉडेल वायमध्ये बीवायडी या चिनी कंपनीचे ‘ब्लेड’ नावाचे लांब, सपाट एलएफपी सेल आले. पॅक सुमारे 55 युनिटचा. त्याच नावाची शांघायहून येणारी गाडी सीएटीएलच्या सेलची, सुमारे 60 युनिटची. कागदावर बर्लिनची गाडी उणी दिसते. पण चाचणी घेणाऱ्यांना आढळलं की ती चार्जिंगचा वेग अधिक काळ टिकवून धरते आणि चार्जरवर कमी वेळ थांबते. मग चांगली कुठली? रोज शहरात फिरून घरी चार्ज करणाऱ्याला पाच युनिट जास्त असलेली, महामार्गावर वारंवार थांबणाऱ्याला लवकर भरणारी. म्हणूनच ‘नवीन पॅक म्हणजे चांगला’ किंवा ‘मोठा आकडा म्हणजे चांगला’ असा सरळ नियम लावता येत नाही. ही माहिती युरोपात बाहेर आली ती गाडीच्या मंजुरीच्या सरकारी कागदपत्रांमधल्या प्रकार-संकेतांवरून, कारण टेस्ला विक्रीच्या पानावर पॅक किती युनिटचा हे सहसा छापतच नाही.

जुलै 2025 मध्ये टेस्लाचं भारतातलं पहिलं दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं आणि तिथे विकायला आलेली मॉडेल वाय शांघायहून आयात केलेली आहे. म्हणजे बर्लिनच्या गाडीची चाचणी पाहून इथे बुकिंग करणारा माणूस वेगळ्याच पॅकची चाचणी पाहत असू शकतो. परदेशी चाचण्यांचे व्हिडिओ बघताना ती गाडी कुठल्या कारखान्यातली, हे आधी विचारायला हवं.

गाडी घरी आल्यानंतर होणारे बदल

आतापर्यंतचे बदल कारखान्यात होणारे होते. दुसरा प्रकार अधिक अस्वस्थ करणारा आहे: गाडी तुमच्या दारात उभी असताना रात्रीत आलेल्या सॉफ्टवेअरने पॅकचं वागणं बदलणं.

पॅकची क्षमता सॉफ्टवेअरने बांधता येते हे 2013 पासून सगळ्यांना माहीत आहे. मॉडेल एसचा 40 युनिटचा प्रकार फक्त 4 टक्के ग्राहकांनी मागितला, म्हणून टेस्लाने तो पॅक बनवलाच नाही. त्या ग्राहकांना 60 युनिटचा पॅक देऊन सॉफ्टवेअरने 40 वर बांधला, आणि तसं जाहीर सांगितलं. पुढे सप्टेंबर 2017 मध्ये फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ येत असताना लोकांना बाहेर पडता यावं म्हणून अशाच बांधलेल्या गाड्यांचा उरलेला पल्ला कंपनीने तात्पुरता मोकळा केला.

2019 मध्ये उलटं घडलं. एप्रिलमध्ये शांघायच्या एका गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या मॉडेल एसने पेट घेतला, मे महिन्यात हाँगकाँगमध्ये आणखी एकीने. त्यानंतर टेस्लाने खबरदारी म्हणून मॉडेल एस आणि एक्सच्या चार्जिंग आणि तापमानाच्या नियंत्रणात बदल करणारं सॉफ्टवेअर पाठवलं. जुन्या पॅकच्या काही मालकांच्या लक्षात आलं की पूर्ण चार्ज केल्यावरही व्होल्टेज पूर्वीइतका वर जात नाही. सेलला 4.2 व्होल्टपर्यंत भरू दिलं नाही की वरची थोडी क्षमता कायम रिकामी राहते, म्हणजे पल्ला कमी. काहींचा चार्जिंगचा वेगही उतरला.

अमेरिकेत यावर खटला झाला. त्यातल्या नोंदींप्रमाणे व्होल्टेजची मर्यादा सुमारे तीन महिने 10 टक्के आणि नंतर सुमारे सात महिने 7 टक्के होती, आणि मार्च 2020 मध्ये सुधारित सॉफ्टवेअर आलं. 2021 मध्ये 15 लाख डॉलरची तडजोड झाली. 1,743 मालक, प्रत्येकी 625 डॉलर. तोवर त्यातल्या 1,552 गाड्यांचा पूर्ण व्होल्टेज परत मिळाला होता आणि 57 गाड्यांचे पॅक बदलले गेले होते.

आगीचा धोका असेल तर मर्यादा घालणं योग्यच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण गाडीचा पल्ला घटवणारा बदल मालकाला अद्ययावत सॉफ्टवेअरच्या सूचनेत स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवा. माणूस त्या पल्ल्यावर प्रवास आखतो. रात्री मुलाबाळांना घेऊन निघालेल्याला गावाबाहेर गाडी थांबल्यावर हे कळू नये.

ताकदीच्या आकड्यांचाही असाच घोळ झाला. 2014 मध्ये आलेल्या पी85डी या प्रकाराची ताकद 691 अश्वशक्ती सांगितली गेली. ती पुढच्या मोटरची 221 आणि मागच्या मोटरची 470 यांची नुसती बेरीज होती. पण दोन्ही मोटरना एकाच वेळी तेवढी वीज देणं त्या पॅकला शक्य नव्हतं, कारण इतका प्रवाह ओढला की पॅकचा व्होल्टेजही खाली बसतो. बॅटरीची मर्यादा धरून नंतर दिलेला आकडा 463 अश्वशक्ती होता. मोटर कितीही मोठी असली तरी ती पॅकने दिलेल्या विजेवरच चालते.

फायदा झालेले आणि उष्णतेने पोळलेले

सगळ्याच गोष्टी तक्रारीच्या नाहीत. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले बोल्टमध्ये 2017 ते 2019 पर्यंत 60 युनिटचा पॅक होता, 2020 पासून सेलचं रसायन सुधारून 66 युनिटचा झाला आणि पल्ला 238 वरून 259 मैलांवर गेला. पुढे एलजीच्या सेलमधल्या दोषामुळे, ऋण टोकाची पट्टी फाटणं आणि विलगकाची (दोन टोकं वेगळी ठेवणाऱ्या पातळ पडद्याची) घडी पडणं, आगी लागल्या आणि 2021 मध्ये सगळ्या बोल्ट परत बोलावल्या गेल्या. जुन्या मालकांना बदलून मिळाले ते नव्या प्रकारचे मॉड्यूल. जुनी गाडी, पण पल्ला सुमारे 8 टक्के जास्त आणि बॅटरीची नवी हमी. म्हणून अमेरिकेत वापरलेली 2018 ची बोल्ट घेताना लोक आधी विचारतात, पॅक बदलला आहे का.

निसान लीफची कथा महाराष्ट्रातल्या वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावी. 2011 ची लीफ, 24 युनिटचा पॅक, आणि तो थंड ठेवायला ना द्रव, ना पंखा. 2012 च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये मालकांच्या डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या 12 पट्ट्या एकेक करून विझू लागल्या. उष्णतेने सेल म्हातारे होत होते. निसानने हमी वाढवली आणि उष्णता सोसणारं नवं रसायन तयार केलं. जून 2014 मध्ये बदलीचा पॅक सुमारे 5,500 डॉलरला विकायला ठेवला, त्यात तेच रसायन. गाडीचं नाव तेच, युनिट तेवढेच, पण तापत्या शहरात दोन पॅकच्या आयुष्यात मोठा फरक. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना या फरकाचं मोल वेगळं सांगायला नको. पॅकला द्रवाने थंड करण्याची सोय आहे का, हा प्रश्न विदर्भ-मराठवाड्यात गाडी घेताना पल्ल्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आपल्या गाडीत काय आहे ते कसं कळेल?

आपल्याकडे टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये 30.2 युनिटने आली, मे 2022 मध्ये 40.5 युनिटचा ‘मॅक्स’ आला, 2024 मध्ये 45 युनिटचा पॅक आला. हे जाहीर बदल आहेत आणि वापरलेली गाडी घेताना नुसतं ‘नेक्सॉन ईव्ही’ म्हणून चालत नाही हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. विक्रेत्याकडे प्रकाराचं पूर्ण नाव, बनवल्याचा महिना आणि पॅक कधी बदलला असेल तर त्याची सर्व्हिस सेंटरची नोंद, या तीन गोष्टी मागाव्यात. सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मिळत असेल तर तो घ्यावा. टेस्लाच्या पडद्यावर गाडीच्या जादा माहितीत बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असल्यास तसं लिहिलेलं असतं.

मग चार्जिंगची चाचणी. गाडी 10-15 टक्क्यांपर्यंत उतरवून, अर्धा तास तरी चालवून, पुरेशा क्षमतेच्या चार्जरवर एकटी लावावी आणि दर 10 टक्क्यांना पडद्यावरचा किलोवॅटचा आकडा लिहून घ्यावा. त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीच्या नोंदीशी ताडून पाहावं, टक्केवारी आणि हवामान सारखं असताना. सुरुवातीचा सगळ्यात मोठा आकडा लोकांच्या तोंडी असतो, पण प्रवासात कामाला येते ती 10 ते 80 टक्के भरायला लागलेली एकूण मिनिटं.

कायद्याच्या पातळीवर युरोपने पाऊल टाकलं आहे. तिथे 18 फेब्रुवारी 2027 पासून बाजारात येणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. क्यूआर कोड स्कॅन केला की रसायन, क्षमता, कुठे आणि कधी बनली अशी माहिती मिळेल. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांनाही असा नियम हवा, आणि त्यात एक रकाना जास्तीचा असावा: या नावाच्या गाडीत आजवर बसवलेल्या पॅकच्या आवृत्त्या, त्यांच्या चार्जिंगच्या वेगाच्या मर्यादेसह. ही यादी प्रत्येक कंपनीकडे आजही असते, कारण तिच्याशिवाय सर्व्हिस सेंटरला योग्य सुटा भागच मागवता येणार नाही.